होडी कुठे थांबवायची

शिरूर तालुका म्हणजे दोन नद्यांमधला मुलूख. वरच्या अंगाला घोड, खालच्या अंगाला भीमा. रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन भीमेला मिळते, पुढे घोडही येऊन मिळते, आणि दौंड मागे पडलं की नदीचा वेग सरतो, काठ लांब जातात, पाणी पसरत जातं. हा उजनीचा फुगवटा. धरणाची भिंत तिकडे सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. पण तिच्यामागे अडलेलं पाणी दौंड तालुक्यातल्या राजेगाव, वाटलूज, खानोट्याच्या शिवारापर्यंत येऊन टेकतं. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त, साधारण ६३ टीएमसी पाणी मृतसाठ्यातलं. म्हणूनच उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे अमुक टक्के’ अशा बातम्या येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे ६० टक्क्यांच्या घरात गेला होता. माणसांसाठी ती टंचाईची बातमी. पक्ष्यांसाठी मात्र त्याच दिवसांत गाळ उघडा पडतो, उथळ पाण्याचे पट्टे तयार होतात, बुडालेली उंच जागा बेट होऊन वर येते. अष्टविनायकाला निघालेल्या गाड्या रांजणगावहून सिद्धटेककडे ज्या पट्ट्यातून जातात, त्याच पट्ट्यात थंडीच्या दिवसांत पहाटे वेगळ्या गाड्याही दिसतात. मागच्या सीटवर लांब लेन्सच्या बॅगा, बीन बॅगा, चहाचा थर्मास. पाटस, कुरकुंभ ओलांडून त्या दौंडच्या हद्दीपलीकडे इंदापूर तालुक्यातल्या भिगवण, कुंभारगाव, डिकसळला पोचतात. तिथे होडी लावलेली असते, होडीवाला वाट पाहत असतो, आणि तोच गाईड असतो.

या प्रवासाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे. गाईड सोबत घेऊन केलेल्या पक्षी-छायाचित्रणाच्या सफरीची प्रत, गाईड होडी कुठे थांबवतो यावरून ठरते. तो ती किती जवळ नेतो, यावरून आपण ती ठरवत आलो आहोत, आणि पैशांची सगळी व्यवस्था त्याच मापाने बसवलेली आहे. जो जवळ नेतो त्याचा नंबर मित्रांना दिला जातो, त्याला वर बक्षिसी मिळते, पुढच्या रविवारी त्याची होडी आधी भरते. जो म्हणतो, “साहेब, यापुढे नको, उठतील,” त्याचं नुकसान होतं. ही व्यवस्था होडीवाल्याने केलेली नाही. कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी केली आहे, म्हणून ती बदलण्याची जबाबदारीही आपल्यावरच येते.

अशा सफरींची परंपरा युरोपच्या उत्तरेकडे जुनी आहे. नॉर्वेच्या पूर्व टोकाला वार्डो नावाचं मासेमारीचं गाव आहे. समोरच्या होर्नोया बेटाच्या कड्यांवर पफिन, गिलमॉट, किटिवेक हे समुद्रपक्षी हजारोंनी घरटी करतात. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड किनाऱ्यावरच्या सीहाउसेस बंदरातून फार्न बेटांकडे होड्या जातात. त्याहून खूप वर, आर्क्टिक महासागरात, स्वालबार्डचे कडे आहेत. जगभरातले छायाचित्रकार मोठा खर्च करून, बोचऱ्या वाऱ्यात, उलट्या सोसत तिथे पोचतात. आणि पोचल्यावर उभं कुठे राहायचं, हे त्यांना ठरवता येत नाही. आखून दिलेल्या वाटेवर उभं राहायचं, फळ्यांच्या पायवाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही, वेळ संपली की होडीत बसायचं. इनर फार्नवर आर्क्टिक सुरय वाटेच्या अगदी कडेला अंडी घालतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर चोची मारतात. उपाय म्हणून पाहुण्यांना टोपी घालायला सांगितलं जातं, सुरयांना कुणी हटवत नाही. स्वालबार्डमध्ये १ जानेवारी २०२५ पासून नियम आणखी कडक झाले. संरक्षित भागात ठरवून दिलेल्या ठिकाणीच किनाऱ्यावर उतरायचं, आणि २०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना त्या भागात मज्जाव.

हे नियम हौसेने आलेले नाहीत. गिलमॉट घरटं बांधत नाही. कड्यावरच्या उघड्या, अरुंद कंगोऱ्यावर एकच अंडं घालतो आणि शेजाऱ्याच्या अंगाला अंग लावून ते पायांवर धरून बसतो. घाबरून एकदम उठला तर अंडं खाली समुद्रात जातं, नाहीतर टपून बसलेला कुरव ते उचलतो. हे डोळ्यांना दिसणारं नुकसान झालं. न दिसणारं मोजण्याचं काम कॉलिन बील आणि पॅट मोनाहन या संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या सेंट ॲब्ज हेडला केलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसलं, की कडा पाहायला येणारी माणसं किती आणि किती जवळ, याचा किटिवेक आणि गिलमॉट यांच्या विणीच्या यशावर परिणाम होतो. त्या माणसांनी कुठल्याच घरट्याला हात लावलेला नव्हता. ती फक्त पाहायला आली होती, तुमच्या-माझ्यासारखी. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वाटतो, कारण ‘आम्ही काही करत नाही, फक्त फोटो काढतो’ हे आपलं ठरलेलं उत्तर तिथेच संपतं.

उत्तरेच्या त्या कड्यांपर्यंत आपल्यातले थोडेच जातील. पण हिमालयापलीकडच्या वसाहतींमधले पक्षी स्वतःच दरवर्षी भीमेवर येतात, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी वसाहती करतो आणि थंडीत दक्षिणेकडे उतरतो. भिगवणच्या होडीभोवती घिरट्या घालणारा हाच तो पक्षी. त्याच्या डोक्याचा तपकिरी रंग मात्र तेव्हा गेलेला असतो, कानामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. पट्टकादंब तिबेट आणि मंगोलियाच्या पठारांवर वीण करतात आणि हिमालय ओलांडून येतात. यंत्र बसवलेल्या एका पट्टकादंबाची ७,२९० मीटर उंचीवर नोंद झालेली आहे. इतकं अंतर कापून आलेल्या पक्ष्याच्या दृष्टीने आपल्याकडचा मुक्काम ही सुट्टी नसते. इथे खाऊन अंगात चरबी साठवायची, पिसं नीट करायची आणि मार्चच्या आसपास तोच डोंगर परत ओलांडायचा. परत जाताना अंगात किती बळ आहे, यावर तिकडची वीण अवलंबून असते. म्हणून इथल्या गाळाच्या पट्टीवर वाया गेलेली सकाळ तिकडच्या घरट्यात वसूल होते.

ती सकाळ कशी वाया जाते हे जवळून पाहायला हवं. पट्टकादंबांचा थवा पाण्याच्या कडेला चरत असतो. बहुतेकांच्या माना खाली, काही एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. होडी त्यांच्या दिशेने वळली की आधी कडेच्या एक-दोघांची मान ताठ होते. पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे आता स्पष्ट दिसू लागतात, कारण खाली असलेलं डोकं वर आलेलं असतं. मग चार माना, मग दहा. थव्याचा बारीक, एकसुरी आवाज थांबतो आणि दुसरा, तुटक आवाज सुरू होतो. सगळे होडीकडे पाठ करून चालू लागतात. उड्डाण ही या साखळीतली शेवटची कडी आहे. खाणं बंद झालं ते पहिली मान वर झाली तेव्हाच. रोहित पक्ष्यांचं आणखी वेगळं. ते डोकं उलटं करून, वाकडी चोच पाण्यात बुडवून, तासन् तास पाणी गाळत राहतात तेव्हा त्यांचं पोट भरतं. आणि एवढ्या लांब पायांच्या, जड पक्ष्याला जागच्या जागी उडता येत नाही. पंख मारत पाण्यावरून धावत जावं लागतं. पाण्यावरच्या त्या धावेचे, उघडलेल्या गुलाबी-काळ्या पंखांचे फोटो सर्वांत जास्त मागितले जातात. होडी थव्याच्या कडेने वळसा घालते, थवा उठतो, शटर कडाडतात, थवा थोड्या अंतरावर बसतो, आणि मागून येणारी दुसरी होडी तिकडे वळते. सुट्टीच्या दिवशी काठावर ओळीने होड्या लागलेल्या असतात. प्रत्येक होडीतल्या माणसाला वाटतं, आपण एकदाच उठवलं.

उन्हाळ्यातलं नुकसान याहून थेट आहे. मार्चपासून पाणी उतरू लागलं की उघड्या पडलेल्या बेटांवर, वाळू-खड्यांच्या पट्ट्यांवर नदी सुरय, छोट्या आर्ल्या, टिटव्या अंडी घालतात. नदी सुरय आता धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. त्याचं घरटं म्हणजे वाळूतला तळहाताएवढा खळगा; त्यात राखाडी-हिरवट, तपकिरी डागांची दोन-तीन अंडी. डाग असे, की दोन पावलांवर उभं राहूनही ती खड्यांतून वेगळी काढता येऊ नयेत. पायाखाली यायला तेवढं पुरतं. उत्तरेकडच्या कड्यावर आई-बाप उठले की अंडं गारठतं. दौंड-भिगवणच्या एप्रिल-मे महिन्यांत ते भाजतं. चाळीस अंशांच्या उन्हात, तापलेल्या वाळूवर, सुरय अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. मधूनच उठून तो पाण्यावर जातो, पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या पोटाने परत येऊन बसतो. हा क्रम मोडला की खळग्यातलं अंडं काही मिनिटांतच उन्हाच्या हवाली होतं, आणि वर घारी-कावळे असतातच. बेटाला होडी लावून, पोटावर झोपून, डोळ्यांच्या पातळीवरून पिल्लाला भरवणारा सुरय टिपण्याचा मोह मला कळतो. ते चित्र सुंदर असतं. पण ते काढायला लागलेला अर्धा तास कुणाच्या हिशेबातून गेला, हे चित्रात दिसत नाही.

यावर अनुभवी छायाचित्रकार एक मुद्दा मांडतात आणि तो वरवर बिनतोड वाटतो. ते म्हणतात, पक्ष्याला त्रास झाला असता तर तो उडाला असता. तो बसून राहिला, म्हणजे त्याने आम्हाला स्वीकारलं. याचं उत्तर वर सांगितलेल्या त्याच दोन संशोधकांनी २००४ मध्येच दुसऱ्या एका प्रयोगातून दिलं आहे. टर्नस्टोन हा किनाऱ्यावरचे दगड उलटून खाणं शोधणारा छोटा पक्षी. त्यांनी काही टर्नस्टोनना काही दिवस जादा खाणं पुरवलं, काहींना नाही, आणि मग दोन्हींच्या दिशेने माणूस चालत गेला. पोट भरलेले पक्षी लवकर उडाले, लांबूनच उडाले. भुकेले पक्षी माणूस जवळ येईपर्यंत तिथेच राहिले. त्यांचं भय कमी नव्हतं; खाण्याची जागा सोडणं त्यांना परवडत नव्हतं. हा निष्कर्ष भिगवणला लावून पाहा. हिमालय ओलांडून नुकताच उतरलेला दमलेला थवा, परतीच्या आधी घाईने चरणारे पट्टकादंब, अंड्यांवरचा सुरय, हे सगळे होडीला सर्वांत जवळ येऊ देणार, कारण उठण्याची किंमत त्यांनाच सर्वांत जास्त मोजावी लागते. म्हणजे ‘पक्षी उडेपर्यंत पुढे जायचं’ हे माप नेमकं सर्वांत अडचणीत असलेल्या पक्ष्याला सर्वांत जास्त त्रास देतं. अंतर पक्ष्याच्या उडण्यावरून ठरवून चालणार नाही. किमान अंतर काठावरच, होडीत बसण्याआधी ठरलेलं हवं, आणि त्याआधीच पहिली मान वर झाली तर तिथेच थांबायला हवं.

दुसरा आक्षेप स्थानिक आहे. दिवसभर मच्छीमारांच्या होड्या याच पाण्यात फिरतात, पक्ष्यांना त्यांची सवय आहे, मग आमच्याच होडीने काय बिघडतं? सवय आहे, हे खरंच. पण ती कशाची आहे हेही पाहायला हवं. जाळं टाकणारा आपल्या रेषेने जातो, जाळं सोडतो किंवा ओढतो, पक्ष्याकडे पाहतसुद्धा नाही. चिलापीची पाटी घेऊन परतणारी होडी थव्यापासून थोड्या अंतरावरून गेली तरी माना वर होत नाहीत, किंवा झाल्या तरी लगेच खाली जातात. फोटोची होडी मात्र थव्याकडे रोखून येते, थांबते, वळते, पुन्हा रोखून येते. शिकारी प्राणी असंच करतो. पक्षी ही चाल ओळखतात आणि त्यांना ओळखता येते म्हणूनच ते आजवर जगले आहेत. मासे टाकून किंवा शेव-गाठ्यांची मूठ उधळून कुरवांना होडीमागे ओढण्याची जी रीत कित्येक पाणवठ्यांवर पडली आहे, तिच्याबद्दल वेगळं बोलायची गरज नाही. तळलेलं बेसन हे कुठल्याच कुरवाचं अन्न नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. उजनीने इथल्या गावांची जमीन घेतली. काठावरच्या भोई कुटुंबांचा मासेमारीवर चाललेला संसार मासे कमी होत गेले तसा ओढाताणीचा झाला. अशा वेळी पक्षी पाहायला येणाऱ्या माणसांनी होडीला, घरगुती जेवणाला, मुक्कामाला पैसे मोजले आणि गावातल्या तरुणांना पुण्याची वाट न धरता गावातच काम मिळालं. कुठला पक्षी कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या वाऱ्याला, किती वाजता असेल, हे या मुलांना कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक आहे. मग शहरातून येणाऱ्याने अंतराचे नियम सांगून त्यांच्या पोटावर पाय का द्यावा? माझं म्हणणं असं, की अंतर पाळल्याने उत्पन्न बुडतं हे गृहीतकच तपासायला हवं. फार्न बेटांचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने तिथे समुद्रपक्षी मोठ्या संख्येने मेले आणि बेटांवर उतरणं बंद केलं गेलं. इनर फार्न पुन्हा खुलं झालं ते २०२४ मध्ये. मधल्या काळात सीहाउसेसच्या होड्या बंद पडल्या नाहीत. बेटांभोवती फेरी मारून परत येणाऱ्या सफरी चालू राहिल्या आणि माणसं पैसे देऊन गेली. जवळ जाता येणार नाही हे माहीत असूनही गेली. आपल्याकडेही भिगवणला येणाऱ्यांपैकी कितीतरी कुटुंबं असतात, ज्यांच्याकडे मोठी लेन्स नसते. त्यांना थवा चरताना दिसला, गाईडने पक्ष्याचं नाव, त्याचं गाव, त्याची वाट सांगितली की सकाळ सोन्याची होते. जवळ नेण्याचा दबाव येतो तो थोड्या, पण जास्त पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकांकडून. तो दबाव काढून घेतला तर गाईडचं काम कमी होत नाही, त्याचं ज्ञान कामाला येतं. आज त्याच्या ज्ञानाला भाव नाही, त्याच्या होडीला आहे.

हा बदल इथल्या मातीत अशक्य नाही, याचा दाखला शिरूर तालुक्यातच आहे. मोराची चिंचोली या गावात पिढ्यान् पिढ्या मोर चिंचेच्या झाडांवर रात्र काढतात आणि सकाळ-संध्याकाळ शेतात उतरतात. गावाने त्यावर कृषी पर्यटन उभं केलं. पाहुणा येतो, शेतावर जेवतो, बसतो आणि मोर येण्याची वाट पाहतो. मोर कधी येणार हे मोर ठरवतो. तिथे दाणे टाकले जातात आणि त्यावर वेगळी चर्चा होऊ शकते; पण मोरामागे गाडी घालायची नाही, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. याउलट दौंड-बारामतीच्या माळरानावर काय होतं पाहा. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य, १९९७ मध्ये घोषित झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. त्याच्याबाहेर पसरलेल्या कुसळी गवताच्या माळावर धाविक, पखुर्डी, चंडोल थेट जमिनीवर अंडी घालतात. तिथे रस्ता सोडून घातलेली गाडी काय चिरडते, हे चालवणाऱ्याला कधीच कळत नाही. कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, ठरलेला मार्ग आणि सोबत गाईड घेऊन, ते यासाठीच महत्त्वाचं आहे. जमिनीवर जे सुरू झालं ते पाण्यावर का होऊ नये?

फोटोंमुळेच लोकांना पक्ष्यांबद्दल प्रेम वाटू लागलं, हे मी मनापासून मान्य करतो. तीस वर्षांपूर्वी भिगवण म्हटलं की लोकांना मासळी बाजार आठवायचा, आज रोहित आठवतात. हे कॅमेऱ्याने केलं. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकादंब भारतातल्या तलावांवर ओळखले गेले तेही छायाचित्रांतून. गळपट्ट्यावरची अक्षरं लांबून टिपता आली म्हणून एका पक्ष्याची सगळी वाट कळली. पण अशा नोंदीला उडता थवा लागत नाही, उभा पक्षी लागतो आणि धीर लागतो. उडणाऱ्या रोहितांचे हजारो फोटो आधीच काढून झाले आहेत. तसाच आणखी एक काढण्यासाठी थवा उठवला तर त्या पक्ष्याबद्दल कुणालाही काही नवीन कळत नाही. चरताना, भांडताना, पिसं साफ करताना, झोपताना पक्षी जे करतो ते टिपायला शांत बसावं लागतं, आणि त्या चित्रांमध्ये अजून कितीतरी नवं आहे.

राहिला शेवटचा आक्षेप: सांडपाणी, जलपर्णी, वाळूउपसा यांच्यापुढे चार होड्यांचं काय घेऊन बसलात? भीमेच्या या पट्ट्यात हे दुखणं खोटं नाही. शिरूर-दौंडच्या पात्रातून यांत्रिक बोटींनी वाळू उपसली जाते. महसूल खातं त्या बोटी पकडून नष्ट करतं आणि काही दिवसांनी पुन्हा उपसा सुरू झाल्याच्या बातम्या येतात. ज्या वाळूत सुरयाने अंडी घालायची ती वाळूच ट्रकमधून जाते. पुणे-पिंपरीचं मैलापाणी उजनीत उतरतं आणि हिरवा थर धरतं. धरणाचं पाणी कधी सोडायचं हे सोलापूरच्या तहानेवर आणि उसाच्या पाळ्यांवर ठरतं, बेटावरच्या घरट्यांवर नाही. आणि त्याबद्दल सोलापूरकरांना दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही. हे सगळं होडीपेक्षा मोठं आहे. पण यातला वाळूउपसा मी एकटा थांबवू शकत नाही, मैलापाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प मी उभारू शकत नाही. होडी थांबवायला मात्र मला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय उद्या उजनीच्या पाण्यासाठी, बेटांसाठी कुणी साक्ष द्यायची तर ती हीच पक्षी पाहणारी माणसं देणार आहेत. थवा उठवणाऱ्यांनी दिलेल्या साक्षीवर गावकरी तरी का विश्वास ठेवतील?

कायद्याचं काही जण विचारतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणं येतं. म्हणजे बेटावर उतरून घरट्याभोवती घोटाळणं हा नुसता वाईट शिष्टाचार नाही. पण पाण्यावर प्रत्येक होडीमागे वनरक्षक असणार नाही, आणि असावा असंही मला वाटत नाही. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं, तिथे मनोऱ्यांवरून पक्षी पाहिले जातात आणि कुणाचं अडत नाही. उजनीचं पाणी खूप मोठं आहे, मनोऱ्यांनी भागणार नाही, होडी लागणारच. मग होडीवाल्यांनी मिळून ठरवायचं आणि गिऱ्हाइकांनी मानायचं, एवढाच मार्ग उरतो. भाडं पूर्ण सकाळचं ठरवावं, फेरीचं नाही, म्हणजे घाई उरत नाही. थव्याजवळ इंजिन बंद करून बांबूने होडी सरकवावी, आणि ठरलेल्या अंतरावर, किंवा त्याआधी पहिली मान वर झाली तर तिथेच, थांबावं. मार्च ते पावसापर्यंत कुठल्याही बेटाला होडी लावू नये. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवं. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जण बुडाले ते याच जलाशयात, आणि वारा सुटला म्हणून ‘आज नको’ म्हणणाऱ्या गाईडचं ऐकण्याची सवय पक्ष्यांइतकीच आपल्यालाही वाचवणारी आहे.

तेव्हा या थंडीत भिगवणला, कुंभारगावला किंवा दौंडच्या बाजूने खानोट्याला जाणार असाल, तर होडी ठरवताना ‘किती जवळ न्याल?’ हे विचारू नका. ‘तुम्ही कुठे थांबता?’ हे विचारा. तो म्हणाला, “साहेब, अंतर ठरलेलं आहे, पण पक्षी बघून त्याआधीही थांबतो,” तर तीच होडी घ्या. आणि परतताना एकही फ्लाइट शॉट मिळाला नसला, तरी ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे त्याच्या हातावर ठेवा, आणि ते कशासाठी हे त्याला स्पष्ट सांगा.